दोन डिस्क, दोन कॉप्या, तरी लिनक्स म्हणतं माउंट होणार नाही. मग डेटा गेला का?

समजा, लग्नाचे फोटो काढणारा एक छोटा स्टुडिओ आहे. सीझनमध्ये एकेका लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ मिळून शे-दोनशे जीबी सहज होतात. ते ठेवायला ओळखीतल्या एका हुशार पोराने जुन्या पीसीवर लिनक्स टाकून दिलंय. चार-चार टीबीच्या दोन डिस्क लावल्यात आणि जाताना सांगितलंय, "एक उडाली तरी दुसरीवर सगळं आहे, बिनधास्त राहा."

दीड वर्ष बिनधास्त जातं. मग एके दिवशी लाइट जाते, परत येते, पीसी चालू होतो आणि दीड मिनिट नुसताच अडकून राहतो. त्यानंतर काळ्या स्क्रीनवर 'इमर्जन्सी मोड' अशी ओळ येते आणि खाली पासवर्ड मागितला जातो. कसंबसं आत शिरून डिस्क जोडायचा प्रयत्न केला की उत्तर येतं, "राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक..."

इथे बहुतेकांच्या पोटात गोळा येतो. बॅड सुपरब्लॉक म्हणजे डिस्क खलास, असाच अर्थ कुणीही काढेल.

पण गंमत अशी की या क्षणी डेटा बहुतेक वेळा जागच्या जागी असतो. तो जातो पुढच्या अर्ध्या तासात. घाबरलेला माणूस इंटरनेटवर सापडेल ती कमांड चिकटवत सुटतो आणि जे मशीनने बिघडवलं नव्हतं ते स्वतःच्या हाताने बिघडवतो.

म्हणून आधी हे समजून घेऊ की लिनक्स नेमकं कशाला नाही म्हणतंय.

माउंट म्हणजे काय भानगड आहे?

विंडोजमध्ये डिस्क लावली की डी, ई असं नवं ड्राइव्ह दिसतं. लिनक्समध्ये सगळ्या फोल्डरचं एकच झाड असतं आणि नवीन डिस्क त्या झाडाच्या एखाद्या फांदीला जोडावी लागते. या जोडण्याला माउंट म्हणतात. जोडण्याआधी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कवरचा एक छोटा तुकडा वाचतो. तो सुपरब्लॉक. ही डिस्क कुठल्या प्रकारची आहे, तिचा ओळख क्रमांक काय, पुढची माहिती कुठे सापडेल हे सगळं त्यात असतं. पुस्तकाचं पहिलं पान म्हणा हवं तर.

डिस्क एकच असेल तर विषय सोपा आहे. दोन-तीन डिस्क मिळून एकच फाइल सिस्टीम असेल तर खेळ बदलतो.

अनेक डिस्क एकत्र बांधायची कल्पना जुनीच. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी 1988 च्या पेपरमध्ये तिला 'रेड' हे नाव दिलं. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या अनेक वापरा, एखादी मेली तर बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. लिनक्समध्ये वर्षानुवर्षं हे काम फाइल सिस्टीमच्या खालचा एक वेगळा थर करायचा. वरच्या फाइल सिस्टीमला खाली किती डिस्क आहेत याचा पत्ताच नसायचा.

मग आली बटर एफएस. लिहिताना बी-टी-आर-एफ-एस, बोलताना कुणी बटर एफएस म्हणतं, कुणी बेटर एफएस, कुणी बी-ट्री एफएस. ओरॅकल कंपनीत असताना ख्रिस मेसन या इंजिनियरने 2007 मध्ये तिच्यावर काम सुरू केलं आणि 2009 मध्ये ती लिनक्स कर्नलच्या 2.6.29 आवृत्तीत आली. पुढे मेसन फेसबुकमध्ये गेला आणि फेसबुकनेही आपल्या सर्व्हरवर ती मोठ्या प्रमाणात वापरली. 2020 च्या फेडोरा 33 पासून फेडोराच्या डेस्कटॉपवर तीच आपोआप येते. उलट रेड हॅटने आपल्या एंटरप्राइज लिनक्सच्या आठव्या आवृत्तीतून तिला काढून टाकलं. म्हणजे मोठ्या कंपन्यांतही तिच्याबद्दल एकमत नाही.

हिची खासियत म्हणजे डिस्क सांभाळायचं काम ती स्वतःच करते. कुठली फाइल कुठल्या डिस्कवर आहे, कॉपी कुठे आहे, सगळा हिशोब तिच्याकडे. त्यामुळे एखादा ब्लॉक खराब झाला तर तिला ते कळतं आणि दुसऱ्या डिस्कवरची चांगली कॉपी आणून ती दुरुस्तीही करते. पण त्यामुळेच एखादी डिस्क दिसली नाही तर माउंटच्या वेळी अडवणूकही तीच करते.

एक डिस्क नसली तर अडतं कुठे?

बँकेत जॉइंट खातं दोन तऱ्हेचं असतं. एकात दोघांपैकी कुणीही सही करून पैसे काढू शकतं. दुसऱ्यात दोघांच्याही सह्या लागतात. बटर एफएसचं माउंट या दुसऱ्या तऱ्हेचं आहे.

प्रत्येक डिस्कच्या सुपरब्लॉकमध्ये लिहिलेलं असतं की आपण एकूण किती डिस्क आहोत आणि त्यातला माझा नंबर कितवा. त्याच पानावर एक छोटा नकाशा असतो. बटर एफएस सगळ्या डिस्क मिळून एकच सलग जागा आहे असं मानते, आणि त्या मानलेल्या जागेतला पत्ता खऱ्या डिस्कवर कुठे येतो हे या नकाशावरून कळतं. छोट्या नकाशावरून मोठा नकाशा, त्यावरून फाइलींची यादी, यादीवरून फाइल, अशी ही साखळी आहे.

कर्नल माउंट करताना डोकी मोजतं. सुपरब्लॉक म्हणतो दोन, समोर दिसते एक. मग तो थांबतो.

आणि थांबताना कारण काय देतो? तर ती वरची ओळ. फाइल सिस्टीमचा प्रकार चुकला असेल, नाहीतर ऑप्शन चुकला असेल, नाहीतर सुपरब्लॉक खराब असेल, "किंवा इतर काही." सरकारी कचेरीत 'कागदपत्रं अपूर्ण आहेत' असा शिक्का मारून अर्ज परत येतो ना, तसला हा प्रकार. कुठलं कागदपत्र ते सांगणार नाही.

खरं कारण कर्नलच्या डायरीत असतं. ती उघडायची कमांड डी-मेसेज. माउंट फसल्या फसल्या ती चालवली तर शेवटच्या पाच-दहा ओळींत असं काहीतरी दिसतं: डिव्हाइस नंबर 2 मिसिंग, चंक ट्री वाचता आली नाही, आणि शेवटी 'ओपन सीट्री फेल्ड'. ही शेवटची ओळ वाचून लोक घाबरतात, पण ती फक्त 'उघडता आलं नाही' एवढंच सांगते. कामाची ओळ तिच्या वर असते. आधी त्या ओळींचा फोटो काढून ठेवायचा आणि मगच पुढचं काय ते करायचं.

मिसिंग म्हणजे मेलेली नव्हे

डायरीत 'मिसिंग' दिसलं तरी डिस्क मेली असं समजायचं कारण नाही. कित्येकदा ती फक्त उशिरा आलेली असते.

कर्नलला कुठली डिस्क कुठल्या कुटुंबातली हे आपोआप कळत नाही. कुणीतरी सगळ्या डिस्कवर नजर फिरवून त्याला सांगावं लागतं. ते काम बटर एफएसच्या साधनांमधली 'डिव्हाइस स्कॅन' ही कमांड करते. नेहमी ती पडद्यामागे आपोआप चालते, म्हणून वापरणाऱ्याला तिचं नावही माहीत नसतं. पण डिस्क यूएसबीच्या डब्यात असेल, डब्याला जागं व्हायला वेळ लागत असेल, किंवा बूट होताना चालणाऱ्या छोट्या लिनक्समध्ये बटर एफएसची साधनंच घातलेली नसतील, तर स्कॅन होऊन गेल्यावर डिस्क दारात येते. अशा वेळी ती कमांड हाताने एकदा चालवली आणि पुन्हा माउंट केलं की सगळं जिथल्या तिथे. दोन मिनिटांचं काम.

सुरुवातीला पीसी दीड मिनिट अडकला होता, त्याचंही उत्तर इथेच आहे. बूटची व्यवस्था पाहणारं सिस्टीमडी सगळ्या डिस्क हजर होईपर्यंत वाट बघतं, आणि त्याची ठरलेली मुदत 90 सेकंदांची. तेवढ्यात कोरम पूर्ण झाला नाही की ते हात वर करून इमर्जन्सी मोडमध्ये सोडून देतं.

मग एलएसबीएलके ही कमांड चालवून यादीत दुसरी डिस्क दिसते का ते पाहायचं. ही कमांड फक्त वाचते, काही बदलत नाही. डिस्क यादीतच नसेल तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी पीसी बंद करून झाकण उघडलेलं बरं. साटाची केबल सैल होणं, पॉवरचा कनेक्टर नीट न बसणं, डब्याचा ॲडॅप्टर कमजोर पडणं, ही कारणं ऐकायला फारच साधी वाटतात. पण लाइट गेल्या-आल्यावर उभ्या राहणाऱ्या भानगडीत हीच आधी तपासायची असतात. केबल बदलून पाहायला शंभर-दोनशे रुपये लागतात, डेटा परत मिळवून देणाऱ्या लॅबचं बिल हजारांत जातं.

आणि डिस्क खरंच गेली असेल तर?

केबल बदलली, दुसऱ्या पोर्टला लावली, तरी डिस्क उठत नाही. ठीक आहे. अशा दिवसासाठीच तर दुसरी कॉपी ठेवली होती. बटर एफएसला सांगता येतं की एक मेंबर नाही, तरी आहे त्यावर चालू कर. माउंट करताना त्यासाठी 'डिग्रेडेड' हा ऑप्शन द्यावा लागतो.

मग ती हे आपणहून का करत नाही? स्टुडिओवाल्याचा पहिला प्रश्न हाच असणार. दुसरी कॉपी आहे ना, मग नाटकं कशाला?

कारण असंय. समजा बटर एफएस आपोआप एका डिस्कवर चालू झाली. सोमवारी सैल केबलमुळे दुसरी डिस्क दिसली नाही, काम पहिल्यावर झालं. मंगळवारी पीसी हलवताना केबल उलटी-सुलटी झाली, आता पहिली दिसेना, काम दुसरीवर झालं. बुधवारी दोन्ही दिसल्या. आता खरी कुठली? दोघींकडे आपापला वेगळा इतिहास आहे आणि दोघीही एकाच फाइल सिस्टीमचा दावा करतायत. हे दोन इतिहास नीट जुळवून द्यायची सोय बटर एफएसमध्ये नाही, आणि अशा दोन डिस्क एकत्र माउंट झाल्या तर खराबी पसरते. म्हणून तो निर्णय ती माणसावर सोडते. माणसाने स्वतः 'डिग्रेडेड' लिहायचं, म्हणजे 'एक डिस्क गेल्याचं मला माहीत आहे' असं सांगायचं.

काही लोक यावर तोडगा म्हणून तो ऑप्शन बूटच्या सेटिंगमध्येच कायमचा लिहून ठेवतात. हा फ्यूजच्या जागी जाड तार टाकण्यातला प्रकार झाला.

पहिल्यांदा डिग्रेडेड माउंट करताना सोबत 'रीड ओन्ली' जोडलेलं चांगलं. म्हणजे फक्त वाचायचं, लिहायचं नाही. फाइली दिसतायत, फोटो उघडतायत, हे बघून घ्यायचं, आणि वेगळी डिस्क हाताशी असेल तर सगळ्यात महत्त्वाचं सामान तिच्यावर उतरवून घ्यायचं. दुरुस्तीचं त्यानंतर.

जुन्या कर्नलवर याहून मोठा लोचा होता. 4.14 ही आवृत्ती 2017 च्या नोव्हेंबरमध्ये आली. त्याआधीच्या कर्नलवर दोन डिस्कच्या जोडीतली एक गेली आणि उरलेली डिग्रेडेड करून लिहिण्यासाठी उघडली, तर नवीन डेटा एकाच कॉपीत लिहिला जायचा. पुढच्या वेळी कर्नल हिशोब करायचा की एक डिस्क गायब आहे आणि इथे एकच कॉपी असलेले भाग आहेत, म्हणजे काहीतरी गेलेलं असणार. मग लिहायची परवानगी कायमची बंद. ते भाग खरं तर उरलेल्या डिस्कवरच असायचे, पण तेवढं बारकाईने कुणी बघत नव्हतं. दुरुस्तीची संधी एकदाच मिळायची आणि बऱ्याच लोकांनी ती नुसतं 'उघडतंय का बघू' म्हणून घालवली. 4.14 पासून कर्नल प्रत्येक भाग वेगळा तपासतं. तरीही 2016-17 मध्ये बसवून दिलेली आणि अपडेटचं नाव न काढलेली मशीन आजही कुठल्या तरी कोपऱ्यात चालू असतात. तिथे आधी कर्नलची आवृत्ती बघायची. जुनी असेल तर नव्या लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून बूट करून दुरुस्ती करायची.

दुरुस्ती म्हणजे नवीन डिस्क लावून 'रिप्लेस' ही कमांड चालवायची. गायब डिस्कचं नाव देता येत नाही, कारण ती समोरच नसते. म्हणून तिचा नंबर द्यायचा, म्हणजे दोन नंबरच्या जागी ही नवी. नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी. चार टीबीचा डेटा असेल तर हे काही तास चालतं. तेवढ्यात लाइट जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर किंवा यूपीएसची सोय आधीच करायची.

काम संपलं की डिग्रेडेड अवस्थेत एकाच कॉपीत लिहिलेले भाग पुन्हा दोन कॉप्यांत आणावे लागतात. ते 'बॅलन्स' कमांडने होतं. ही पायरी बरेच जण विसरतात, आणि मग दोन डिस्क असूनही काही फाइली एकाच डिस्कच्या भरवशावर राहतात.

पण मुळात दोन कॉप्या होत्या का?

हा प्रश्न कुणाला अपमानकारक वाटेल. पण इथेच फार लोक फसलेले असतात.

दोन डिस्क देऊन बटर एफएस बनवायला सांगितली आणि बाकी काहीच सांगितलं नाही, तर आजची साधनं मेटाडेटाच्या, म्हणजे फाइलींच्या यादीच्या, दोन कॉप्या ठेवतात आणि खुद्द डेटाची एकच. फोटो कुठे आहेत याची यादी दोन्ही डिस्कवर, फोटो मात्र कुठल्या तरी एकावर. चार आणि चार मिळून आठ टीबी जागा दिसते आणि बसवणारा खूश होतो. खरोखर दोन कॉप्या असत्या तर जागा चार टीबीच दिसली असती. हे आज, सगळं सुरळीत असताना बघून घ्यायचं. जागेचा आकडा दोन्ही डिस्कच्या बेरजेएवढा असेल, तर एक डिस्क गेली की अर्धे फोटो गेले.

अशा वेळीही डिग्रेडेड आणि रीड ओन्ली मिळून माउंट होऊ शकतं. यादी पूर्ण दिसते, उरलेल्या डिस्कवरच्या फाइली उघडतात, बाकीच्या एरर देतात. डेटा साधारण एक-एक जीबीच्या भागांत ठेवला जातो, त्यामुळे छोटे फोटो बऱ्यापैकी सापडतात. 40 जीबीच्या व्हिडिओचे तुकडे मात्र दोन्हीकडे विखुरलेले असण्याचीच शक्यता जास्त.

पाच आणि सहा नंबरचा रेड वापरणाऱ्यांचं दुखणं वेगळं आहे. बटर एफएसचे डेव्हलपर स्वतः सांगतात की हे दोन प्रकार महत्त्वाच्या डेटासाठी वापरू नका, कारण लिहिता लिहिता लाइट गेली तर डेटा आणि त्याची पॅरिटी यांचा मेळ तुटू शकतो. तरी जागा वाचते म्हणून लोक लावतातच.

डिस्क सगळ्या हजर, तरी माउंट नाही

ही परिस्थिती जास्त अवघड. डायरीत इथे वेगळी ओळ असते: "पेरेंट ट्रान्सआयडी व्हेरिफाय फेल्ड", पुढे दोन आकडे, हवा होता अमुक आणि मिळाला तमुक.

बटर एफएस जुन्या ब्लॉकवर कधी खोडून लिहीत नाही. प्रत्येक बदल नव्या जागी लिहिते, त्याला पुढचा क्रमांक देते, आणि सगळं डिस्कवर पोचलं अशी खात्री झाली की मगच सुपरब्लॉकला नवा पत्ता देते. त्यामुळे लाइट कधीही गेली तरी एकतर जुनं पूर्ण चित्र मिळावं किंवा नवं पूर्ण चित्र. ही सगळी इमारत एका विश्वासावर उभी आहे: डिस्क जेव्हा म्हणते 'लिहून झालं', तेव्हा ते खरंच लिहून झालेलं असतं.

काही डिस्क आणि विशेषतः काही यूएसबीचे डबे इथे खोटं बोलतात. डेटा अजून त्यांच्या कॅशमध्येच असतो आणि ते 'झालं' म्हणून मोकळे होतात. त्याच क्षणी लाइट गेली की सुपरब्लॉक नव्या पत्त्याकडे बोट दाखवतो आणि तिथे जुनंच काहीतरी बसलेलं असतं.

एकाच डिस्कने असं केलं असेल तर दुसऱ्या डिस्कची कॉपी कामी येते. दोन्ही एकाच डब्यात असतील तर दोघींनी मिळूनच घात केलेला असतो. अशा वेळी माउंटला 'यूज बॅकअप रूट' हा ऑप्शन रीड ओन्लीसकट देऊन बघतात. सुपरब्लॉकमध्ये आधीच्या काही चित्रांचे पत्ते जपलेले असतात, त्यातलं एखादं शाबूत असलं तर त्यावरून उघडतं. तेही नाही झालं तर 'रिस्टोर' कमांड आहे. ती माउंट न करताच डिस्क वाचते आणि सापडतील त्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवते. मूळ डिस्कवर ती काहीच लिहीत नाही, म्हणून हा मार्ग सगळ्यात सुरक्षित.

डायरीत 'लॉग' वाचताना अडल्याची ओळ असेल तर परिस्थिती बरी म्हणायची. घाईने सेव्ह केलेल्या गोष्टींची एक छोटी वही असते, तीच तेवढी बिघडलेली असते. 'झीरो लॉग' ही कमांड ती वही पुसते. बटर एफएस साधारण दर 30 सेकंदांनी सगळं पक्कं करत असते, त्यामुळे नुकसान होतं ते शेवटच्या काही क्षणांचं. पण ही कमांड फक्त याच दुखण्यावर चालवायची. ट्रान्सआयडीच्या दुखण्यावर चालवून काहीच मिळत नाही, उलट त्या वहीत उरलेलं असेल तेही जातं.

हात आवरायचे ते कुठे

विंडोजमध्ये चेकडिस्क किंवा जुन्या लिनक्समध्ये एफएसके चालवायची सवय असलेला माणूस इथे 'चेक' कमांड शोधतो. गंमत म्हणजे बटर एफएससाठी एफएसके नावाची जी कमांड आहे ती काहीच करत नाही, तशीच बनवली आहे. खरी कमांड 'चेक', आणि नुसती चालवली तर ती फक्त तपासते. धोका आहे तो तिला 'रिपेअर' हा शब्द जोडण्यात. जाणकाराने सांगितल्याशिवाय हे वापरू नका असं तिच्या माहितीपत्रकातच लिहिलंय. नव्या आवृत्त्यांत ती सुरू होण्याआधी दहा सेकंद उलटी मोजते, माणसाने विचार बदलावा म्हणून. घाबरलेला माणूस ते दहा सेकंद 'चला, काहीतरी होतंय' म्हणून आशेने बघत बसतो. ट्री बिघडलेली असताना रिपेअर ती स्वतःच्या अंदाजाने पुन्हा लिहू लागते. अंदाज चुकला तर आधी रिस्टोरला सापडल्या असत्या त्या फाइलीही हाती लागत नाहीत.

सुपरब्लॉकचं भय तर बऱ्याचदा अनाठायी असतं. बटर एफएस त्याच्या कॉप्या ठेवते: एक 64 केबीवर, दुसरी 64 एमबीवर, आणि डिस्क पुरेशी मोठी असेल तर तिसरी 256 जीबीवर. पहिली खरंच खराब झाली तर बाकीच्यांवरून ती परत बनवता येते.

अजून एक सापळा, आणि तो शहाण्यांसाठीच लावलेला आहे. डिस्क मरायला टेकली म्हणून कुणी तिची ब्लॉक-टू-ब्लॉक हुबेहूब कॉपी करतं. निर्णय बरोबर. पण मूळ आणि कॉपी दोन्ही एकाच पीसीला लावून ठेवल्या तर ओळख क्रमांक दोघींचा एकच. कुटुंबातला एकच माणूस दोन ठिकाणी दिसल्यावर कर्नलने कुणाला आत घ्यायचं? चुकीची आत घेतली आणि तिच्यावर लिहिलं गेलं की पुन्हा तोच दोन इतिहासांचा घोळ. म्हणून कॉपी झाली की मूळ डिस्क काढून कपाटात ठेवायची आणि मगच माउंट करायचं.

सगळं सुरळीत झाल्यावर

नवी डिस्क बसली, माउंट झालं, फोटो दिसले, की 'स्क्रब' ही कमांड चालवायची. ती प्रत्येक ब्लॉक वाचते, त्याच्या चेकसमशी ताडून बघते आणि चुकलेला सापडला तर चांगल्या कॉपीवरून दुरुस्त करते. महिन्यातून एकदा ती आपोआप चालेल अशी सोय करता येते. 'डिव्हाइस स्टॅट्स' ही दुसरी कमांड प्रत्येक डिस्कने किती वेळा चूक केली त्याचे आकडे दाखवते. शून्याच्या जागी काही दिसलं तर डिस्क पूर्ण मरायची वाट बघण्यात अर्थ नाही.

यातलं काहीही बॅकअपची जागा घेत नाही. एका कॉपीवरून फोटो डिलीट केला की तो दुसऱ्या कॉपीवरूनही त्याच क्षणी जातो, आणि पीसीच चोरीला गेला तर दोन्ही कॉप्या एकदमच जातात. डिलिव्हरी बाकी असलेल्या लग्नांचे फोटो तरी तिसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरी ठेवलेले बरे.

काढलेली जुनी डिस्क फेकू नका आणि लगेच दुसऱ्या कामालाही लावू नका. स्क्रब एकही चूक न दाखवता संपेपर्यंत ती बाजूला ठेवायची, वर मार्करने तारीख आणि 'जोडू नये' लिहून. त्यानंतर ती वाचत असेल तर पीसीत बटर एफएसची दुसरी डिस्क नाही याची खात्री करून तिच्यावरची ओळख पुसून टाकायची. नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी ड्रॉवरमधून काढून ती परत त्याच पीसीला लावतं आणि कर्नल तिला घरचंच माणूस समजतं.